नवेगावबांधचा शनिवार-रविवार : प्लॅनमधून काय काय काढलं

भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला प्लॅन वाचूनच मला दम लागला. शनिवारी पहाटे चारला नागपूर सोडायचं, नागझिऱ्यात सकाळची सफारी, दुपारी नवेगावबांध, संध्याकाळी ईटियाडोह धरण, रविवारी प्रतापगड (साताऱ्याचा नाही, इकडचाच), गोठणगावचा तिबेटी कॅम्प, जमलंच तर सारस, आणि रात्री जेवायला घरी. खाली लिहिलं होतं, 'रिलॅक्स ट्रिप आहे, घाई नको.' त्यावर जाऊबाईंनी दोन जोडलेले हात टाकले. तो नमस्कार होता की शरणागती, कळायला मार्ग नव्हता.

म्हटलं, ही ट्रिप मी ठरवते. भाऊजी उदार मनाने हो म्हणाले, कारण त्यांना वाटलं मी फक्त जेवणाचं बघणार.

तर यंदाच्या डिसेंबरचा नवेगावबांधचा प्लॅन खाली देतेय. मी त्यात भर काहीच घातली नाही, नुसती काटछाट केली. गोंदिया-भंडाऱ्याकडे हिवाळ्यात जायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांना उपयोग होईल.

आधी सफारी काढली. यावरच सगळ्यात जास्त भांडण झालं. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, नवेगावचं राष्ट्रीय उद्यान तर १९७५ चं, त्यामुळे 'तिथे जाऊन वाघ नाही?' हा प्रश्न येणारच. पण सकाळची सफारी म्हणजे उजाडायच्या आत गेटवर हजेरी आणि पुढची सगळी सकाळ जिप्सीत. तलावाची सगळ्यात चांगली वेळ नेमकी तीच. पक्षी तेव्हा मोकळ्या पाण्यावर असतात, ऊन तिरपं असतं, वारा सुटलेला नसतो. दहा वाजले की पाणी चकाकायला लागतं आणि दुर्बिणीतून नुसते काळे ठिपके दिसतात. म्हणजे सफारी घेतली की तलाव गेला. शिवाय नागझिरा महामार्गाच्या उत्तरेला, नवेगाव दक्षिणेला. दोन्ही एका दमात करणाऱ्याला दोन्हीकडची नुसती धूळ मिळते. आणि आईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे जिप्सीच्या गचक्यांना तयार नाहीत. वाघ फेब्रुवारीनंतर, वेगळ्या ट्रिपला. भाऊजींना तसं लेखी दिलंय.

सारसही काढला. सारस बघावा तर खास त्याच्यासाठी जाऊन बघावा. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ गोंदिया जिल्ह्यापुरताच उरलाय, आणि तोही जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या पट्ट्यात. नवेगावहून तिकडे जाऊन येण्यातच दिवस संपतो. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, घरटं करतो आणि तिथले शेतकरी ते सांभाळतात. ते बघायला आपणही पावसाळ्यातच जावं.

ईटियाडोह काढताना मला एका वाक्याचाही युक्तिवाद करावा लागला नाही. लेक म्हणाली, "एका तलावावरून उठून दुसरा तलाव बघायला?" भाऊजी म्हणाले, "ते धरण आहे, गाढवी नदीवरचं." ती म्हणाली, "काका, पाणीच ना?" संपलं.

आता उरलं काय? एक तलाव आणि दोन वेळा. उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत. या दोन वेळा आणि रविवारची एक जागा सोडून प्लॅनमध्ये मी मुद्दाम काहीच लिहिलं नाही. नवऱ्याने कागद बघून विचारलं, "अकरा ते चार काय?" म्हटलं, काही नाही. "म्हणजे?" म्हणजे जेवायचं, झोपायचं, स्वेटर काढून उन्हात बसायचं. दुपारी तलावावर पक्षीसुद्धा हेच करतात. बदकं मान पाठीत खुपसून तरंगत असतात.

जायचा रस्ता सोपा. नागपूर, भंडारा, लाखनी, साकोली, पुढे सौंदड आणि कोहमारा. कोहमाऱ्याला महामार्ग सोडून उजवीकडे वळायचं. चहाला थांबत गेलो तरी तीन-साडेतीन तास पुरे. त्यामुळे पहाटे चारला निघायचं काहीच कारण नाही. नऊला निघायचं, तर्री-पोहे घरीच खाऊन. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली की आई सरसावून बसतात. त्यांचं माहेर अर्जुनी-मोरगाव तालुक्यातलं, त्यामुळे साकोलीनंतरचं प्रत्येक झाड त्यांच्या ओळखीचं. गाडीने जायचं नसेल तर गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर देवलगाव नावाचं छोटं स्टेशन नवेगावबांधला अगदी लागून आहे. आईंच्या लहानपणी तिथून नॅरोगेज धावायची. चढावर गाडी इतकी मंद व्हायची की पोरं उतरून बोरं वेचून परत चढायची, असं त्या सांगतात. दरवर्षी त्या बोरांची संख्या वाढते.

डिसेंबरच का, तर पाणी आणि पाहुणे दोन्ही जागेवर असतात. तलाव पावसाळ्यानंतर भरलेला असतो आणि उत्तरेकडून येणारी बदकं नोव्हेंबरपासून उतरायला लागतात. तलवार बदक, लालसरी, आणि नशीब जोरावर असेल तर हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब. आपले घरचे तर असतातच. अडई, चांदवा, जांभळी पाणकोंबडी, आणि पाण्यावरच्या पानांवरून लांब बोटांनी फिरणारा कमळपक्षी. पूर्वी इथे आताच्या कितीतरी पट पक्षी असत, असं जुने लोक सांगतात आणि त्यात बोरांसारखी भर नाही. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले, या तलावामुळे ते पक्ष्यांचे झाले आणि त्यांच्यामुळे हा तलाव मराठी वाचकांचा. जून २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आईंनी दिवसभर टीव्ही लावू दिला नाही. पक्षी का घटले, याचं एक कारण अर्जुनी-मोरगावच्या ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, बायका नेमकं सांगतील. बेशरम नावाचं झुडूप माजलं की पाण्यातलं देशी गवत जातं, गवत गेलं की मासोळी जाते, आणि मासोळीमागे पक्षी. या तालुक्यातल्या काही गावांत त्याच बायकांनी पाण्यात उतरून बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तलाव कसा दुरुस्त करतात हे त्यांच्याकडून शिकावं.

थंडीचं मात्र हलक्यात घेऊ नका. विदर्भात रात्रीचा पारा सगळ्यात खाली कुठे, तर बऱ्याचदा गोंदियात. त्यात तलावाकाठची सकाळ. नागपूरचा 'एक हाफ स्वेटर पुरे' हा हिशेब तिथे चालत नाही. कानटोपी हवी, हातमोजे हवेत, कारण दुर्बीण धरलेली बोटं पहिल्यांदा बधिर होतात. लेकीने पांढरं जॅकेट काढून ठेवलं होतं, ते मी परत कपाटात टाकलं. पांढऱ्या जॅकेटने पक्षी आपल्याआधी आपल्याला बघतात. मातकट, हिरवा, जुना, कसलाही रंग चालेल. थर्मासात चहा न्यावा, तोही दोन थर्मास, एकात बिनसाखरेचा. आणि एक चटई. चटई फार महत्त्वाची, कारण मोठी माणसं उभी राहिली की दहा मिनिटांत 'निघायचं का' सुरू होतं, बसली की तासभर हलत नाहीत.

शनिवारी चारला पाळीवर जायचं. पाळ म्हणजे तलावाचा बांध. इथे थोडं रेंगाळते, कारण 'लेक व्ह्यू' म्हणून फोटो काढून परतणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. हा तलाव निसर्गाने आयता दिलेला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं सांगतात. भोवती डोंगर, त्यांना सात बहिणींचे डोंगर म्हणतात. डोंगरांमधली खिंड बांध घालून अडवली आणि मागे हे एवढं पाणी साठलं. बांधणारा माणूस पुढे देव झाला. कोलासुर म्हणून त्याची पूजा होते, पाळीजवळच ठाणं आहे. सात बहिणींनी बांधकामाला मदत केली, अशी कथा आहे. इंजिनियरला देव करणारा हा मुलूख आहे. (आमच्याकडे भाऊजी सिव्हिल इंजिनियर आहेत. त्यांना हे सांगितल्यावर पाळीबद्दलचा त्यांचा उत्साह एकदम वाढला.)

आणि हा एकटाच तलाव नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडे असे तलाव पसरलेत. लहान असेल तर बोडी. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळात ते बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, असा तेव्हाचा व्यवहार सांगतात. पुढे मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, आली, १९५० च्या कायद्याने ती गेली, तलाव सरकारजमा झाले आणि सरकारी कागदात ते 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा तलाव' म्हणून उरले. हेतू सगळीकडे एकच, धान. पावसाने दडी मारली तर ऐन वेळी बांधीत पाणी सोडता यावं.

ते पाणी सोडायचं कसं, हे मी नवेगावला नाही तर मामाजींच्या, म्हणजे आईंच्या भावाच्या, गावातल्या जुन्या तलावावर पाहिलं. पाळीच्या आतल्या अंगाला दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. पायऱ्यांच्या मध्ये एकाखाली एक भोकं, प्रत्येकात लाकडाची खुंटी ठोकलेली. याला तुडुम म्हणतात. पाण्याची पातळी उतरेल तशी त्याखालची खुंटी काढायची. नेहमी वरचंच पाणी जातं, त्याला जोर कमी, म्हणून पाटही फुटत नाही आणि पाळीलाही धक्का नाही. मामाजींनी वाकून एका खुंटीवरचं शेवाळ अंगठ्याने पुसलं. खाली लाकूड काळंभोर, कुजल्याची खूण नाही. "खुटी काडली का पाणी पाटाले लागते जी," ते म्हणाले, "मोटर नाई, बिल नाई." भाऊजी तिथे तासभर उकिडवे बसले होते. जास्तीचं पाणी जाण्यासाठी पाळीच्या एका टोकाला सलंग असते, तीही त्यांनी चालत जाऊन बघितली. त्यांच्या 'पॉइंट'च्या यादीत यातलं काहीच नव्हतं.

म्हणून या वेळी शनिवारची संध्याकाळ पाळीवर, आणि तीही चालत. ज्यांना चालायचं नाही त्यांना चटई. समोर मालडोंगरीचं बेट दिसतं. तलावाच्या खालच्या बाजूला धान कापून झालेलं असतं, पुंजणे, म्हणजे धानाच्या गंजी, रचलेले, कुठे चुरणा, म्हणजे मळणी, चाललेला, आणि ओलीवर टाकलेली लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, कोवळी हिरवी वर आलेली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला त्या पाण्याचं धान, मधून आपण चालतोय. बोटिंग सुरू असेल तर मुलांनी जावं. मी मोटरबोटीत बसणार नाही, तिने चार फेऱ्या मारल्या की अर्धा तलाव रिकामा होतो.

मुक्काम तलावाजवळच्या सरकारी निवासात. बुकिंग आधी करायचं, नाताळच्या आठवड्यात जायचंच नाही. जेवण तिथे जे मिळेल ते. पण एक वेळ मामाजींकडे, कारण तिथे न जेवता परतलो तर आई आयुष्यभर ऐकवतील. मामींना आधीच फोन केलाय. 'काही करू नका' हे मी बोलले, त्यांनी ऐकलं नाही. मेनू आलाय. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, लाखोळीच्या कोवळ्या पानांची भाजी, तांदळाची भाकर, आणि मासे खाणाऱ्यांसाठी मरळ. मरळ तलावातली, तीही ढिवराकडून सकाळी घेतलेली. जाऊबाई म्हणाल्या, "मग दुपारी झोपच लागेल." तेच तर.

आता नाटक. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, गावोगावी नाटकं लागतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या धंद्याचं केंद्र. कंपन्या तिथल्या, बुकिंग तिथून. नाटक रात्री दहानंतर सुरू होतं आणि पहाटे संपतं. मांडव, ऑर्गन, तबला, गाणी, रडारड, मध्येच लावणी. आईंना ते हवंच आहे. अडचण अशी की पहाटे चारला संपणारं नाटक आणि सहाचे पक्षी हे एकाच माणसाच्या अंगाला झेपणारं नाही. भाऊजींनी तडजोड सुचवली, अर्धं नाटक बघू. आईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ती सूचना तिथेच मेली.

मी सोपं केलं. शनिवारी रात्री आसपास कुठे नाटक असेल तर आई आणि जाऊबाई मामाजींच्या घरच्यांबरोबर जातील, रात्री तिकडेच राहतील, रविवारी उन्हं वर येईपर्यंत झोपतील. आम्ही बाकीचे दहाला झोपणार. सकाळी सहाला ज्याला यायचं त्याने यायचं, कोणाला उठवलं जाणार नाही. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र असायलाच पाहिजे हे कलमच मी प्लॅनमधून काढून टाकलं. आमच्या आधीच्या सगळ्या ट्रिपांतली निम्मी भांडणं त्या एका कलमाने झालेली आहेत. 'ती अजून तयार नाही', 'हे बाथरूममध्ये गेलेत', 'सगळे आले की निघू'. सगळे आले की नेहमी दहाच वाजतात.

रविवारी नऊपर्यंत पक्षी, मग पोटभर नाष्टा आणि आंघोळी. त्यानंतर एकच जागा मी प्लॅनमध्ये ठेवली, गोठणगावजवळचा तिबेटी कॅम्प. नॉरग्येलिंग त्याचं नाव. १९७२ पासून तिबेटी निर्वासित तिथे शेती करून राहतात. धानाच्या बांध्या, पळसाची झाडं, आणि मध्येच रंगीत पताका आणि बौद्ध विहार. पहिल्यांदा बघणाऱ्याला गाडी चुकून दुसऱ्या राज्यात शिरली असं वाटतं. हिवाळ्यात मात्र कॅम्प शांत असतो. बरीच घरं थंडीच्या हंगामात शहरोशहरी स्वेटर विकायला गेलेली असतात. आपण नागपुरात ज्यांच्याशी स्वेटरच्या भावावरून घासाघीस करतो, त्यातलं कोणी याच कॅम्पचं असू शकतं. मागे आम्ही गेलो तेव्हा विहाराच्या पायरीवर एक आजी माळ ओढत बसल्या होत्या. आईंनी त्यांना झाडीबोलीत विचारलं, "घरचे कोठी गेले जी?" त्यांनी त्याच बोलीत उत्तर दिलं, "नागपूरले." मग दोघी अर्धा तास गुडघ्यांबद्दल बोलल्या. लेकीला मोमो मिळाले तर मिळाले, हॉटेल उघडं असेलच याची हमी नाही, म्हणून डबा बरोबर.

प्रतापगड राहू दिला. तिथल्या डोंगरावर महादेव आहे आणि दर्गाही, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पण चढ आहे. ज्याला हुरूप असेल त्याने गोठणगावहून येता-येता जाऊन यावं, बाकीचे खाली गाडीत झोपतील. भाऊजींसाठी हा एक पॉइंट मी कंसात ठेवलाय. कंसातला तरी आहे, यावर ते खूश आहेत.

परत निघायची वेळ तीन. त्यात बदल नाही, कारण शिंगाडे. या दिवसांत रस्त्याकडेला उकडलेले शिंगाडे घेऊन बायका बसतात आणि अंधार पडला की टोपली उचलून घरी जातात. ढिवर कुटुंबं बोड्यांमध्ये शिंगाड्याचे वेल लावतात आणि गार पाण्यात उतरून ते तोडतात. उकडला की शिंगाडा काळपट दिसतो, दोन बाजूंना दोन शिंगं. शिंग दाताने मोडायचं, तिथून साल ओढायची, आत पांढरा पिठूळ गर. बोटं काळी होतात, ती घरी साबणाने दोनदा धुवूनही पूर्ण निघत नाहीत. सीट कव्हर फिकट रंगाचं असेल तर आधी टॉवेल टाका. भाव करू नका. आणि किलोभर जास्तच घ्या, कारण भंडारा येईपर्यंत अर्धे गाडीतच संपतात आणि शेजारच्या काकूंना दरवर्षी नुसतं वर्णन ऐकवावं लागतं.

ग्रुपवर हा प्लॅन टाकला तेव्हा नवऱ्याने अंगठा दिला, जाऊबाईंनी हृदय. भाऊजींनी विचारलंय की शनिवारी नऊऐवजी आठला निघालो तर लाखनीच्या पुढे एखादा छोटा पॉइंट होईल का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आईंनी मात्र व्हॉइस नोट टाकलीय, "नऊला. मी आठला तयार होणार नाही."